कार्बनची भूक

इर्मा डिर्क्सला खेल नावाच्या त्या गावात कुणी कधी भोळी म्हटलं नाही. दुकानात ती आधी तराजूकडे बघायची, मग बटाट्यांकडे. शेजारणीने तोंडभर कौतुक केलं की घरी येऊन आईला विचारायची, "हिचं आपल्याकडे काय अडलंय?" आई पाउलीना हातातलं काम न थांबवता म्हणायची, "इर्मे, बापाचं नाक घेतलंस ते ठीक. पण सगळीकडे वास घेत फिरायची खोडही घेतलीस."

बाप म्हणजे येफ डिर्क्स. शेत वाळूचं, त्यात राय नावाचं धान्य आणि बटाटे, पण त्याचा जीव अडकलेला कबुतरांत. शर्यतीची कबुतरं ट्रकने दूर दक्षिणेला फ्रान्समध्ये नेत आणि रविवारी सकाळी सोडत. घरं सगळ्यांची वेगवेगळ्या अंतरावर, म्हणून जिंकणार कोण हे वेगावर ठरायचं, आणि वेग वेळेवर. प्रत्येक मालकाकडे एक घड्याळ असे. कबुतर उतरलं की त्याच्या पायातलं रबरी कडं काढायचं, घड्याळाच्या भोकात टाकायचं, कळ दाबायची. त्या घड्याळात कुणी बोट घालू नये म्हणून त्याला शिशाचा शिक्का. शिक्के मारायचं आणि संध्याकाळी कॉफीघरात सगळ्यांसमोर ते तपासून फोडायचं काम येफकडे होतं. गावातला सगळ्यात संशयी माणूस म्हणून ते त्याला एकमताने दिलेलं.

इर्मा शाळकरी असताना येफला बेकरीवाल्या फोन्सच्या घड्याळाचा शिक्का ओरखडलेला दिसला. तो एवढंच म्हणाला, "हा ओरखडा कालचा नाही." फोन्स काहीबाही सांगत राहिला, कुणी ऐकलं नाही. त्याने कबुतरं विकली, पुन्हा कॉफीघराची पायरी चढला नाही. कित्येक महिने लोक पाव आणायला शेजारच्या गावी सायकल मारत होते. ओरखडा सापडला त्या रात्री बापाच्या बोटाला धरून घरी येताना इर्माची छाती अभिमानाने फुगली होती. आपल्या बापाला कुणी फसवू शकत नाही.

पुढे ती लुव्हेनला जाऊन भौतिकशास्त्र शिकली आणि गावात परत आली, कारण गावाबाहेरच्या पाइनच्या रानात तोवर अणुसंशोधनाची मोठी प्रयोगशाळा उभी राहिली होती. देशोदेशींची माणसं तिथे येत. गावकऱ्यांना ती आवडली नव्हती. दूध नासेल, गाई आटतील, विहिरींना वास येईल असं बोललं जाई. "तू तिथली ना, तू सांग, धोका आहे का?" असं कुणी इर्माला विचारलं तर ती विचार करून म्हणायची, "माझीही अजून पूर्ण खात्री झालेली नाही." त्यामुळे प्रयोगशाळेचे साहेब तिच्यावर नाराज असत.

काम मात्र तिच्या रक्तातलं होतं. मधल्या इमारतीत एक यंत्र इलेक्ट्रॉनांना वेग देऊन धातूच्या गोळ्यावर आपटायचं, त्यातून न्यूट्रॉनांचा थवा उडायचा. तिथून चहूबाजूंना लांबलचक नळ्या रानात गेलेल्या, आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एक खोपटं. सगळे न्यूट्रॉन एकदम सुटतात. वेगवान आधी पोचतो, रमतगमत येणारा नंतर. किती वेळात आला त्यावरून त्याचा वेग कळतो. पहिल्या दिवशी हे समजावून सांगणाऱ्या जर्मन साहेबाला इर्मा म्हणाली होती, "कळलं. फक्त घड्याळाला शिक्का कोण मारतं ते सांगा." साहेबाला विनोद कळला नव्हता. तिने विनोद केलाही नव्हता.

खोपट्यात वाटेवर एखाद्या पदार्थाची चकती टांगायची. येणाऱ्या न्यूट्रॉनांपैकी एखादा त्यातल्या अणूच्या गाभ्यात अडकतो. अडकला की गाभा थोडा जड होतो आणि गॅमा किरणाची ठिणगी टाकतो. शेजारी ठेवलेला डिटेक्टर ती ठिणगी मोजतो. कुठला पदार्थ किती न्यूट्रॉन गिळतो हे असं कळतं. इर्माने अशा मोजण्यांत वीस-एक वर्षं काढली. लग्न केलं नाही. दोन जण विचारायला आले होते, दोघांचीही तिने इतकी चौकशी केली की ते पुन्हा आले नाहीत.

येफ वारल्यावर घरात ती, म्हातारी पाउलीना आणि सिरिल. खेलमध्ये घरोघरी असा एखादा सिरिल असतो. डोकं ठिकाणावर नसलेल्या माणसाला गावचं वेड्यांचं इस्पितळ एखाद्या कुटुंबात राहायला देतं, आणि तो त्या घरचा होऊन म्हातारा होतो. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. सिरिल इर्मा लहान असल्यापासून त्यांच्याकडे होता. त्याचं वेड साधं होतं: जगातले लोक आपल्या जेवणात काहीतरी कालवतात. पाउलीना त्याच्याशी कधी वाद घालत नसे. सूप वाढलं की त्याच्या ताटलीतला पहिला चमचा ती स्वतः घ्यायची, गिळायची, तोंड उघडून दाखवायची. मग सिरिल "बरं, आई" म्हणून मुकाट जेवायचा.

सिल्व्हानो फुर्लान आला तेव्हा इर्मा पंचेचाळिशीच्या पुढे होती. त्रिएस्तेचा इटालियन, तिशीतला, दोन वर्षांच्या करारावर आलेला. रंग उडालेली फियाट, गळ्यात मफलर, सगळ्यांशी हसून बोलणं. आठवड्याभरात त्याला द्वारपालाच्या बायकोचं नाव ठाऊक होतं. इर्माने पहिल्याच दिवशी मनाशी नोंद केली: एवढा गोड माणूस फुकट गोड नसतो.

कार्बन किती न्यूट्रॉन गिळतो ते त्याला मोजायचं होतं. पाउलीनाने रिवाजाप्रमाणे नव्या माणसाला रविवारी जेवायला बोलावलं. कोंबडी, बटाटे, उकडलेल्या सफरचंदांचा गर. तिने विचारलं, "तुम्ही तिथे नेमकं काय करता, ते आमची इर्मी मला कधी नीट सांगत नाही."

सिल्व्हानो म्हणाला, "आजी, ताऱ्याच्या पोटात थोडं लोखंड असतं. त्याला न्यूट्रॉन मिळाला की ते गिळतं आणि जड होतं. पुन्हा मिळाला, पुन्हा जड. असं करत करत त्याचं तांबं होतं, आणखी पुढे बरंच काही. तुमच्या या पातेल्याचं तांबं कुठल्यातरी मेलेल्या ताऱ्यात असंच शिजलेलं आहे."

"मग कार्बन कशाला मोजता?"

"कारण त्याच ताटाभोवती कार्बन आणि ऑक्सिजन बसलेत. एकेकाची भूक चिमणीएवढी. पण त्यांची संख्या अफाट. त्यांनी चोच मारली की लोखंडाच्या वाट्याला कमी येतं. किती कमी, ते कुणाला नीट माहीत नाही."

"म्हणजे आमच्या येफचे भाऊ," पाउलीना म्हणाली. "एकेकटा काही फार खायचा नाही. पण यायचे सगळे."

सिल्व्हानो खूप हसला. सिरिल मात्र इतका वेळ त्याच्याकडे टक लावून बसला होता. तो इर्माच्या कानाशी वाकून म्हणाला, "हा न बघता खातो. याच्यावर लक्ष ठेव." इर्माने मान हलवली. सिरिलचं म्हणणं तिला पटलं होतं.

वसंतात सिल्व्हानोचा आकडा आला. जुन्या तक्त्यांत कार्बनची भूक मंद न्यूट्रॉनांवर मोजलेली होती, आणि वेगवान न्यूट्रॉनांसाठी ती ठरल्या नियमाने कमी कमी करत नेलेली: जितका वेग जास्त तितकं पकडणं अवघड. ताऱ्यातले न्यूट्रॉन बरेच वेगवान, तेव्हा तिथे कार्बन जवळपास उपाशीच, असं सगळे धरून चालले होते. सिल्व्हानोच्या मोजणीत कार्बन वेगवान न्यूट्रॉनही चापून खात होता. तक्त्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त.

विभागप्रमुख रादेमाखर खुशीत होते. उन्हाळ्यात मोठी परिषद होती. इर्माच्या मनात मात्र पाल चुकचुकली. बैठकीत ती म्हणाली, "कार्बन न्यूट्रॉनला क्वचित गिळतो, बहुतेक वेळा नुसता धक्का देतो. धक्का खाल्लेला न्यूट्रॉन आडवातिडवा जाऊन तुझ्या डिटेक्टरच्या धातूत अडकला तरी ठिणगी पडते. मग खाल्लं कुणी? कार्बनने की डिटेक्टरने?"

"बरोबर आहे तुमचं," सिल्व्हानो म्हणाला. "बघतो मी."

इतकी शंका रास्त होती. त्या खोलीतल्या कुणालाही ती यायला हवी होती. पण इर्माची शंका तिथे थांबेना. 'बघतो' म्हणाला, मग नंतर त्याबद्दल अवाक्षर का काढत नाही? शुक्रवारी कार्बनची, म्हणजे ग्राफाइटची चकती डबीत नव्हती आणि सोमवारी होती. ती फोनच्या खोलीत शिरली की त्याच्या इटालियन बोलण्याचा आवाज आपोआप खाली येई. एका रविवारी ती मुद्दाम रानातून सायकलने गेली, तर खोपट्यामागे फियाट उभी. सिल्व्हानो डिकीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढत होता, आणि ते इतकं जड होतं की त्याचा खांदा एका बाजूला झुकला होता. तिला बघून त्याने हात हलवला. हात हलवण्यात क्षणभर उशीर झाला, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

बाप असता तर काय करता, असा विचार करत ती घरच्या पडवीत गेली. येफचा शिक्क्याचा चिमटा गंजून तिथेच खिळ्याला लटकत होता. शुक्रवारी सगळे गेल्यावर तिने चकती टांगायच्या पेटीच्या झाकणातून दोरा ओवला आणि त्याच्या टोकाला शिशाची टिकली दाबली. टिकलीवर बापाची खूण उमटली.

सोमवारी सकाळी दोरा तुटलेला होता. टिकली जमिनीवर पडली होती.

सिल्व्हानो पलीकडच्याच खोलीत होता. दार वाजवून त्याला विचारायला काही लागलं नसतं. इर्मा ती टिकली मुठीत घेऊन सरळ रादेमाखरांच्या खोलीत गेली. म्हणाली, "मोजणी चालू असताना फुर्लानने पेटी उघडली आहे. आणि ही पहिली वेळ नाही."

रादेमाखरांनी सिल्व्हानोला बोलावलं. दार उघडंच राहिलं. दहाच्या कॉफीची वेळ होती, बाहेर चार-पाच जण कप घेऊन उभे होते आणि हळूहळू गप्प झाले.

"हो, मी उघडली," सिल्व्हानो म्हणाला. "तो दोरा सुरक्षावाल्यांचा असेल असं वाटलं."

"आत काय ठेवलंस?" इर्माने विचारलं.

"शिसं."

"कशाला?"

"तुमच्यामुळेच. शिसं न्यूट्रॉनांना कार्बनसारखाच धक्का देतं आणि स्वतः जवळजवळ काही खात नाही. शिसं टांगूनही ठिणग्या मोजल्या गेल्या, तर त्या खोट्या, डिटेक्टरच्या पोटातल्या. तेवढ्या वजा करायच्या. मी वजा केल्या. आकड्याचा तिसरा हिस्सा गेला. दोन हिस्से उरले."

"हे बैठकीत का नाही सांगितलंस?"

सिल्व्हानोने उघड्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "मला स्वतःलाच माझा आकडा खरा वाटत नव्हता. पक्कं कळेपर्यंत बोलायचं नाही असं ठरवलं होतं. इथे मी शंका काढली असती, तर तिला तुम्ही कबुली म्हटलं असतं."

"चोरून करायचं कारण हे नाही."

"चोरून नाही, रविवारी. रविवारी यंत्र मोकळं असतं."

इर्मा म्हणाली, "चकती कधी असते, कधी नसते. पेटी कधी उघडते, कधी मिटते. या आकड्यावर मी सही करणार नाही."

रादेमाखर सावध माणूस होते. त्यांनी कुणाला दोषी म्हटलं नाही. फक्त परिषदेतलं व्याख्यान मागे घेतलं, आणि सिल्व्हानोने यापुढे खोपट्यात एकट्याने जाऊ नये असं सांगितलं. दुपारपर्यंत सगळ्या इमारतीत झालं: इटालियनाने आकडा फुगवला, डिर्क्सबाईंनी पकडला.

त्यानंतर सिल्व्हानोच्या टेबलाशी कुणी कप घेऊन बसेना. उघड वाईट कुणी बोललं नाही. तो जवळ आला की बोलणं हवापाण्यावर यायचं, एवढंच. एकदा जिन्यात त्याने इर्माला गाठलं.

"एक विचारतो. मी काय दाखवलं म्हणजे तुम्हाला पटेल? ते आधी सांगा. मी तेवढं करून दाखवतो."

"सगळं दाखव," इर्मा म्हणाली.

"सगळं म्हणजे काय?"

"सगळं म्हणजे सगळं."

"म्हणजे काहीच नाही," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

पानगळीच्या दिवसांत, करार संपायच्या आधीच, तो निघाला. जाण्यापूर्वी डिर्क्सांच्या घरी आला, पण प्रयोगशाळेच्या वेळेत, इर्मा घरी नसताना. पाउलीनाचा निरोप घेतला. तिने त्याला मुरांब्याची बरणी दिली. सिरिल फाटकापर्यंत पोचवायला गेला आणि परत येऊन म्हणाला, "तो रडत होता, आई. मी गाडीखाली बघितलं. काही लपवलेलं नव्हतं."

संध्याकाळी इर्मा जेवायला बसली. पाउलीनाने नेहमीसारखा सिरिलच्या ताटलीतला चमचा उचलला, चाखला, तोंड उघडून दाखवलं. सिरिल जेवू लागला. मग म्हातारी लेकीकडे वळली.

"हा वेडा आहे. सरकारी कागदावर तसं लिहिलेलं आहे. पण मी एक चमचा गिळला की याचा संशय संपतो. तुझा कुठल्या चमच्यावर संपतो ते सांग."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

"तुमचे न्यूट्रॉन नाही कळत. माणूस फाटकातून कसा जातो ते कळतं."

इर्माने बटाट्यात काटा खुपसला आणि तसाच ठेवला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "फोन्स बेकरीवाला. त्याने खरंच घड्याळात हात घातला होता का?"

"शिक्क्यावर ओरखडा होता, एवढं मला ठाऊक," पाउलीना म्हणाली. "कुणी काढला ते तुझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंही नाही. फोन्सकडे त्या वर्षी मांजर होतं."

त्या आठवड्यात इर्मा रादेमाखरांकडे गेली. "कार्बन मी मोजते," म्हणाली. "दोन परीक्षा. पहिली शिशाची. दुसरी ठिणगीच्या रंगाची. दोन्ही सिल्व्हानोच्या बाजूने निघाल्या तर मी गप्प बसेन. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर मला तिसरी काढता येणार नाही."

रादेमाखरांनी चष्मा काढला. "तुम्ही असं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकतो आहे."

"मीही," ती म्हणाली.

रंगाची परीक्षा अशी होती. प्रत्येक जातीचा गाभा न्यूट्रॉन गिळल्यावर आपल्याच ठरावीक ताकदीचे, म्हणजे ठरावीक रंगाचे किरण टाकतो. कार्बनची ठिणगी वेगळी, डिटेक्टरच्या धातूची वेगळी. नेहमीच्या डिटेक्टरला हा भेद धड दिसत नाही, तो नुसत्या ठिणग्या मोजतो. भेद बघायला जर्मेनियमचा स्फटिक लागतो, तोही हाडं गोठवणाऱ्या थंडीत ठेवलेला. तो दुसऱ्या विभागाकडून उसना मिळवायला तिला डिसेंबर उजाडला. ज्यांच्याशी ती वर्षानुवर्षं फटकून वागली होती त्यांच्या दारात जाऊन उभं राहावं लागलं. त्यांनी दिला, पण वापरणार कसा याची बारीक चौकशी करून. हे तिला मनापासून आवडलं.

आधी शिसं. पाइनच्या रानात बर्फ पडलं होतं, नळ्यांवर पांढरी शिवण घातल्यासारखं. शिसं टांगलं आणि ठिणग्या येतच राहिल्या. म्हणजे सिल्व्हानोचा पहिला आकडा फुगलेला होताच. दोन दिवस इर्मा ताठ मानेने वावरली. आपलं नाक चुकत नाही. तिसऱ्या दिवशी वजाबाकी पुरी झाली. तिसरा हिस्सा गेला होता. दोन हिस्से उरले होते. त्या सकाळी उघड्या दारात तो जे म्हणाला होता, तेच.

यावर तिने स्वतःला बजावलं: एकच चूक दोघांनाही करता येते. डिटेक्टर तोच आहे, पेटी तीच आहे.

मग जर्मेनियम. कार्बन इतकं कमी खातो की ठिणगी ठिणगी जमायला आठवडे लागले. पाउलीना विचारायची, "चमचा गिळला का?" इर्मा म्हणायची, "अजून तोंडात आहे." फेब्रुवारीत आलेखाच्या सपाट रेषेवर एक बारीकसं टेंगूळ वर आलं. कार्बनचं यायला हवं त्याच जागी. इर्माचा त्यावर लगेच विश्वास बसला नाही. अशा जागी टेंगूळ यावं अशी इच्छा असली की ते दिसतंच. म्हणून तिने न्यूट्रॉन वेगाप्रमाणे वेगळे काढले: मंद एका गटात, वेगवान दुसऱ्या. न्यूट्रॉन वेगात आत शिरला तर तो वेग कुठेतरी जायला हवा, म्हणजे ठिणगीची ताकद तेवढीच वाढायला हवी. तिने दोन्ही आलेख एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावले. वेगवान न्यूट्रॉनांचं टेंगूळ किंचित पुढे सरकलेलं होतं. जेवढं सरकायला हवं तेवढंच.

हे कुणाला पेटी उघडून करता येत नाही. फडक्यात गुंडाळून आणता येत नाही. ही कार्बनची स्वतःची सही होती. वेगवान न्यूट्रॉन त्याच्यात वेगळ्याच वाटेने शिरत होते, आणि जुने तक्ते करणाऱ्यांनी ती वाट धरलीच नव्हती. ताऱ्यांतला कार्बन खरोखरच खादाड होता. लोखंडाच्या वाट्याचं तो पळवत होता आणि इतकी वर्षं त्याच्यावर कुणी संशय घेतला नव्हता.

इर्मा खोपट्यातल्या स्टुलावर बसून राहिली. आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण त्यात तिला सारखा सिल्व्हानोचा तो झुकलेला खांदा दिसत होता. शिशाच्या विटेने झुकलेला.

त्रिएस्तेला फोन लावला तेव्हा त्याच्या आईने दुसरा नंबर दिला. सिल्व्हानो आता मोन्फाल्कोनेच्या शाळेत शिकवत होता. मागे मुलांचा गोंगाट ऐकू येत होता.

"मी इर्मा. खेलहून."

"ओळखला आवाज."

"तुझा आकडा बरोबर आहे. वजाबाकीनंतरचा. मी जर्मेनियमने बघितलं. ठिणगी वेगाबरोबर सरकते."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला, गोंगाट कमी झाला. मग त्याने विचारलं, "किती सरकते?"

तिने सांगितलं. तो म्हणाला, "छान. हे मला सुचायला हवं होतं."

"शोधनिबंध लिहायचा आहे. तुझं नाव पहिलं."

"घाला. मोजणी माझी आहे."

"आणि सिल्व्हानो, मी तुझ्याबद्दल जे बोलले ते चुकीचं होतं. आता आकडा खरा ठरला आहे, तेव्हा सगळ्यांनाच कळेल की तू..."

"थांबा," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "आकडा खरा ठरला याचा मला आनंद आहे. पण इर्मा, तो खोटा ठरला असता, तरी मी चोर नव्हतो. आकडे रोज खोटे ठरतात. तुम्ही कार्बनवर संशय घेतलात ते बरोबरच होतं. मग तसाच माझ्यावर घेतलात. कार्बनच्या तुम्ही दोन परीक्षा घेतल्यात. माझ्या किती घेतल्यात?"

इर्माने आयुष्यात प्रश्न विचारले होते, असे अंगावर घेतले नव्हते. शेवटी म्हणाली, "मी माफी मागते."

"माझ्यापाशी नको. जिथे बोललात तिथे बोला. घंटा झाली, मला वर्गात जायचं आहे. तुमच्या आईंना सांगा, मुरांबा संपला." आणि त्याने फोन ठेवला.

आईने तो निरोप ऐकून दुसऱ्या दिवशी बरणी बांधली. सिरिलने आग्रह धरला म्हणून झाकणाला लाखही लावली.

सोमवारी दहाला इर्मा कप घेऊन कॉफीच्या टेबलाशी गेली. नेहमी ती उभ्याने पिऊन निघून जायची. आज बसली. रादेमाखर होते, यंत्र चालवणारा बर्ट होता, आणखी तीन-चार जण.

"मला काही सांगायचं आहे," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी रादेमाखरांच्या खोलीत फुर्लानवर आळ घेतला. दार उघडं होतं, तुम्ही सगळे ऐकत होता. त्याने काही लबाडी केली नव्हती. तो स्वतःचाच आकडा तपासत होता. मी त्याला विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. आकडा खरा निघाला म्हणून मी हे सांगत नाही. खोटा निघाला असता तरी हेच सांगायला हवं होतं."

बर्ट कपातली साखर ढवळत होता, ती कधीच विरघळली असणार. मग तो म्हणाला, "आम्हीही त्याच्याशेजारी बसलो नाही, इर्मा. आम्हाला काही तू सांगितलं नव्हतंस बसू नका म्हणून."

रादेमाखरांनी खिडकीबाहेर बघितलं. "त्याचा करार पुन्हा काढता येईल का ते बघतो," म्हणाले.

काढला. सिल्व्हानोने आभार मानून नकार कळवला. शाळा बरी आहे म्हणाला.

निबंध छापून आला. परदेशातून शंका आल्या, काही बऱ्या, काही चावऱ्या. इर्माने एकेकाला उत्तर दिलं, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी विचारलं की आपलं समाधान नेमकं कशाने होईल ते कळवावं. एकाने रागावून लिहिलं की हा काय प्रश्न झाला. तिने त्याला तोच प्रश्न पुन्हा पाठवला.

एप्रिलमध्ये तिने ऑक्सिजन मोजायला घेतला. जुन्या तक्त्यांत त्याचीही भूक नसल्यासारखीच लिहिलेली होती, आणि आता तिचा त्या तक्त्यांवर काडीचा विश्वास उरला नव्हता. खोपट्यात तिने आधी परीक्षेचं शिसं टांगलं आणि पेटीच्या झाकणावर खडूने ठळक लिहिलं: आत शिसं आहे, शंका असल्यास इर्माला विचारा, ती पलीकडच्या खोलीत असते. मग झाकण लावलं, कडी दोनदा ओढून बघितली, आणि बर्टला यंत्र सुरू करायला सांगितलं.